भोकं सहा, तार एकच

चंद्रपूरहून निघणारी एक वीजवाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. लांबी ७५२ किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, वाहून नेण्याची क्षमता १५०० मेगावॅट. जंगल, नद्या, घाट असं सगळं ओलांडून ती जाते आणि दोन्ही टोकांना अभियंते रात्रंदिवस तिच्यावर डोळा ठेवून असतात. कुठे दोष आला, तर क्षणाच्या अंशात ती स्वतःहून बंद पडते.

त्याच चंद्रपूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर कोरपना आहे. तिथल्या घरात वीज येते तेव्हा तिचा शेवटचा दोन मीटरचा प्रवास खिळ्याला टांगलेल्या एका एक्स्टेंशन बोर्डातून होतो. हा बोर्ड आठवडी बाजारात दोरीवर टांगून विकायला असतो. घेणारा आधी रंग पाहतो, मग भोकं मोजतो, मग भाव करतो. आतली तार किती जाडीची, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलं तरी दुकानदार सांगेल की सगळं चालतं, टीव्ही चालतो, कुलर चालतो, फ्रिज चालतो. तो खोटं बोलत नाही. यातली एकेक वस्तू त्या बोर्डावर चालतेच.

घरात बोर्ड का शिरला, हे आधी पाहायला हवं. लोक निष्काळजी आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. माणिकगडच्या डोंगरातल्या गोंड-कोलाम वस्त्यांत आणि खालच्या काळ्या जमिनीवरच्या गावांत वीज आली, ती बरीचशी सरकारी योजनांतून. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली, २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ आली. अशा योजनेत गरीब घराला मोफत जोडणी मिळते, म्हणजे खांबापासून सर्व्हिस वायर, मीटर आणि घरात एका पॉइंटपुरतं वायरिंग. एक दिवा लागावा, हा हेतू. तो सफल झाला. मग त्या एका पॉइंटवर मोबाईलचा चार्जर आला, पंखा आला, टीव्ही आला. पुढे मुलगा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात कामाला लागला आणि पहिल्या दिवाळीला फ्रिज आला. घर वाढत गेलं, पण भिंतीतली तार दिव्यापुरतीच राहिली.

जुन्या पक्क्या घरांची गोष्ट फार वेगळी नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या खोलीत दारामागे एक स्विचबोर्ड आणि त्यात एक सॉकेट असायचं. तेव्हा ते रेडिओ नाहीतर टेबलफॅनसाठी पुरे होतं. आज नांदाफाटा किंवा गडचांदूरला भाड्याच्या एका खोलीत तीन-चार कामगार राहतात आणि त्याच एका सॉकेटमधून चार मोबाईल, एक कुलर, एक इंडक्शन शेगडी चालते. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो, बोर्ड लावून घ्या ना.

बोर्ड लावल्याने भोकं वाढतात, क्षमता वाढत नाही. सहा भोकांच्या बोर्डाला भिंतीतून येणारी तार एकच असते आणि सहाही भोकांतून मागितलेली वीज त्याच तारेतून यावी लागते.

पण इथे एक गफलत होते. भरलेला बोर्ड पाहिला की लोक घाबरतात, आणि ज्या बोर्डात दोनच पिना आहेत त्याकडे बघतही नाहीत. खरं तर पिना मोजून काही कळत नाही, वॅट मोजावे लागतात. समजा एका बोर्डावर कुलर (२०० वॅट), फ्रिज (१५० वॅट), टीव्ही आणि त्याचा डबा (१०० वॅट) आणि दोन-तीन चार्जर (५० वॅट) आहेत. सगळी भोकं भरली, बेरीज झाली ५०० वॅट. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट. ५०० ला २३० ने भागलं तर सव्वादोन अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. तार बरी असेल तर असा बोर्ड वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, तेवढं सोडा.

आता थंडीतली सकाळ घ्या. डिसेंबरात पैनगंगेकाठच्या गावांत चांगलीच थंडी पडते. त्याच बोर्डावर पाणी तापवायचा रॉड लागला, तो १५०० वॅटचा. शाळेच्या गणवेशाला इस्त्री हवी, ती १००० वॅटची. बेरीज गेली ३००० वॅटवर, प्रवाह १३ अँपिअर. घरात फक्त दोन वस्तू वाढल्या आणि तारेतून सहापट प्रवाह वाहू लागला. चार्जर, टीव्ही, एलईडी दिवे यांनी बोर्ड सहसा जळत नाही. तो जळतो उष्णता देणाऱ्या वस्तूंनी: रॉड, इस्त्री, इंडक्शन, किटली, रूम हिटर. जी वस्तू पाणी किंवा तवा तापवण्यासाठी बनली आहे, ती वाटेतली तारही तापवते.

किती तापवते, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. शाळेच्या पुस्तकात वीज समजावताना पाण्याच्या नळाची उपमा देतात. ती एरवी कामाची आहे, पण नेमकी इथे दगा देते. बारीक नळातून जास्त पाणी ढकललं तर धार कमी येते, एवढंच. नळ तापत नाही. त्यामुळे बारीक तारेवर जास्त भार टाकला तर फार तर वस्तू मंद चालेल, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. तार मात्र मागणी पुरी करते आणि त्यापायी स्वतः तापत राहते.

बाजारातल्या साध्या बोर्डाची वायर बहुधा अर्धा किंवा पाऊण एमएमची असते. ‘एमएम’ ही दुकानातली भाषा, खरं माप चौरस मिलिमीटर. पाऊण एमएमच्या लवचीक तांब्याच्या तारेने सुमारे ७ अँपिअर वाहावेत, अर्धा एमएमच्या तारेने ४, अशी भारतीय मानकांची साधारण मर्यादा. ही मर्यादा ठरवताना भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअस धरलेली असते आणि तारेवरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं असं मानलेलं असतं. म्हणजे तापायला वाव ३० अंशांचा.

आणि इथेच कोरपना पुण्या-नाशकापेक्षा वेगळं पडतं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर गेल्याची नोंद अनेकदा झाली आहे. नवतपात दुपारी बाहेर पडणं म्हणजे जिवाशी खेळ, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या हवेत तारेला तापायला उरतात २३ अंश. पत्र्याच्या छपराखालून ओढलेली वायर असेल तर तेवढेही नाहीत, कारण दुपारी पत्र्यालगतची हवा बाहेरच्यापेक्षाही तापलेली असते. ज्या तारेला ७ अँपिअर झेपायला हवेत, तिला भर उन्हाळ्यात सहाच झेपतात. तारेला आधीच ताप असतो, वीज नंतर येते.

उन्हाळ्यात रॉडच्या जागी इंडक्शन आली आणि तेच १३ अँपिअर वाहिले, तर याच चालीने हिशेब काय होतो? ७ अँपिअरला ३० अंशांची वाढ होते. १३ अँपिअरला उष्णता साडेतीनपट होईल, म्हणजे वाढ शंभरेक अंशांची. ४७ मध्ये १०० मिळवा. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात हवा किती खेळते यावर आकडा खालीवर होईल, पण दीडशे अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडून तारेवरून सरकू लागतं, ही गोष्ट बदलत नाही. जास्तीची वायर सुबक गुंडाळी करून खिळ्याला अडकवली असेल तर परिस्थिती आणखी वाईट. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. गुंडाळलेल्या वायरची क्षमता उलगडलेलीच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणजे घर नीटनेटकं ठेवणाऱ्याला इथे तोटाच.

एवढं होईपर्यंत एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारी खटकी, पडत कसा नाही, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की एमसीबी बोर्डाच्या वायरसाठी नेमलेलाच नसतो. तो भिंतीतल्या तारेचा राखणदार. १६ अँपिअरच्या एमसीबीला १३ अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो स्वस्थ बसतो. इतकंच काय, १८ अँपिअर वाहिले तरी तासभर तो पडू नये, असं त्याचं मानकच सांगतं. २३ च्या पुढे गेलं तर मात्र तासाभराच्या आत पडला पाहिजे. शॉर्टसर्किट झालं, म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटले, तरच तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. मधल्या तासाभरात पाऊण एमएमची वायर काय काय सोसते, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ब्रिटनमध्ये यावर एक साधा तोडगा निघाला. तिथे १९४७ पासून चौकोनी पिनांचा जो टॉप (प्लग) आला, त्याच्या पोटातच एक छोटा फ्यूज असतो. वस्तूची वायर बारीक असेल तर फ्यूजही लहान, म्हणजे प्रत्येक वायरला स्वतःचा पहारेकरी. आपण मात्र ब्रिटिशांचीच त्याआधीची गोल पिनांची पद्धत उचलली आणि तीच ठेवली. ५ आणि १५ अँपिअरच्या त्या पिना पुढे ६ आणि १६ च्या झाल्या. त्यांच्यात फ्यूज नाही. आपल्याकडे सॉकेटच्या पुढे सुरू होणारी वायर एका अर्थी पोरकी असते.

जुन्या घरांतून एमसीबीही नसतो, चिनी मातीचं किटकॅट असतं. त्यात बारीक फ्यूजतार घालायची आणि भार वाढला की ती वितळायची, अशी ती जुनी आणि तशी चांगली व्यवस्था. पण फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्या वेळी घरातला कर्ता पुरुष वायरीतल्या चार-पाच तारा एकत्र पिळून तिथे बसवतो. त्यानंतर फ्यूज कधी उडत नाही. घरात वीज ‘चांगली’ चालते.

आतापर्यंतचा हिशेब तारेचा झाला. प्रत्यक्षात जळालेले बोर्ड पाहिले तर त्यातले बरेच तारेच्या मध्यावर जळालेले नसतात. जळालेलं असतं भोक. एका भोकाभोवती तपकिरी वर्तुळ, प्लास्टिक किंचित सुजलेलं, पिनेची एक बाजू काळी. पिन आणि आतली पितळी पट्टी यांचा संबंध घट्ट असला तर तिथे जवळजवळ काहीच रोध नसतो. पट्टी सैल पडली की रोध वाढतो. समजा तो वाढून एक दशांश ओहम झाला. आकडा क्षुल्लक वाटतो. पण १५ अँपिअर वाहत असताना १५ चा वर्ग २२५, त्याचा दहावा हिस्सा साडेबावीस. म्हणजे त्या पिनेच्या टोकाशी साडेबावीस वॅटची उष्णता सतत तयार होते. मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर असतो तो सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा, आणि त्याच्या टोकाशी कथिल पाण्यासारखं वितळतं. तोच आयर्न सुरू करून प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा आणि डबी भिंतीला टांगायची, असं कोणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू.

पट्टी सैल का पडते? एक कारण वापर. दुसरं कारण बोर्डाच्या घडणीतच आहे. दोन पिनेचा, तीन पिनेचा, बारीक, जाड, गोल, चपटा असा कुठलाही टॉप बसावा म्हणून काढलेली ‘युनिव्हर्सल’ भोकं प्रत्येक पिनेला जेमतेम धरतात. सगळ्यांना जागा देणारं भोक कोणालाच घट्ट पकडत नाही. मग टॉप खाली लोंबतो आणि टीव्ही मध्येच बंद होतो. घरचे त्याला कागदाची घडी नाहीतर आगकाडी खोचून बसवतात. जळण स्वतःच्या हाताने नेऊन ठेवण्याचा याहून सरळ प्रकार सापडणार नाही.

सैल जागी ठिणग्या उडतात, तांब्याचं ऑक्साइड होतं, ऑक्साइडमुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता आणि उष्णतेने पुन्हा ऑक्साइड. काही प्रयोगांत अशा जागी तापमान हजार अंशांच्या वर गेलेलं मोजलं आहे, तेही प्रवाह अगदी मामुली असताना. एमसीबीला यातलं काही दिसत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही दिसत नाही, कारण गळती झालेलीच नसते. अमेरिकेने १९९९ च्या वीज संहितेत शयनगृहांसाठी ठिणगी ओळखणारी वेगळी खटकी सक्तीची ठरवली आणि ती २००२ पासून लागू केली. आपल्या घरांत ती अजून नवलाईची वस्तू आहे.

मात्र एक यंत्र प्रत्येक घरात आहे: नाक. स्विच आणि सॉकेटसाठी वापरलं जाणारं एक जातीचं कडक प्लास्टिक तापलं की त्याला सुक्या मासळीसारखा वास येतो. घरात मासळी नसताना असा वास दरवळला, तर मांजराला हाकलण्याआधी स्विचबोर्ड पाहावा. दुसरं यंत्र हात. रॉड किंवा इस्त्री पंधरा मिनिटं चालली की स्विच बंद करायचा, टॉप काढायचा आणि पिनेला जरा जपूनच बोट लावून बघायचं. कोमट ठीक आहे. चटका बसला तर ते भोक संपलं.

कोरपना-गडचांदूर पट्ट्यात एक भर आणखी पडते ती धुळीची. सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, कोळशाचे ट्रक आणि कापसाचा हंगाम आला की जिनिंगमधून उडणारा तंतू. जमिनीवर किंवा सज्जावर पडलेल्या बोर्डाच्या भोकांत हे सगळं साचतं. कोरडी धूळ फारशी घात करत नाही. मृगाच्या सरींनंतर हवा दमट झाली की ती ओलावा धरते आणि दोन पिनांमधल्या प्लास्टिकवरून वीज किंचित झिरपू लागते. झिरपता झिरपता ती प्लास्टिकचा कोळसा करते, आणि कोळशातून वीज वाहते. कधीकाळी जिथे भिंत होती तिथे पूल तयार होतो. महिनोन्महिने न हलवलेल्या फ्रिजमागच्या बोर्डाला ही भीती सगळ्यात जास्त.

आग लागली की दुसऱ्या दिवशी बातमीत एकच वाक्य असतं: शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. हा शब्द आपण फार ढिला वापरतो. शॉर्टसर्किट बऱ्याचदा शेवटचा अंक असतो. आधी तार तापलेली असते, आवरण वितळलेलं असतं, मग दोन तारा भेटतात. नाटकाचे आधीचे अंक कोणी लिहून घेत नाही, म्हणून पुढच्या घरात ते तसेच पुन्हा होतात.

विदर्भाने याचं एक भीषण रूप पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. सात वाचवता आली. चौकशीत बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या नियंत्रण पॅनलमधला विजेचा दोष पुढे आला. ती घटना बोर्डाची नव्हती, आणि तिला ओढून-ताणून इथे बसवणंही बरं नाही. पण त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या विद्युत आणि अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. घरांची तपासणी करायला कोणी येत नाही. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, तिथून पुढचं वायरिंग घरमालकाचं. आणि घरमालकाचा भरवसा गावातल्या वायरमनवर, ज्याने काम बहुधा दुसऱ्या वायरमनच्या हाताखाली पाहून शिकलेलं असतं.

योगायोग असा की बरोबर एक वर्षाने, ९ जानेवारी २०२२ ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १९ मजली इमारतीत आग लागून १७ माणसं गेली, त्यात आठ मुलं. अग्निशमन दलाने कारण सांगितलं ते बिघडलेल्या रूम हिटरचं. तो थंडीत दिवसचे दिवस चालू होता. श्रीमंत शहर, कडक नियम, तरी उष्णता देणारी वस्तू सतत चालू राहिली की धोका तोच. तिथले अग्निशमनवाले दर हिवाळ्यात एकच गोष्ट घोकून सांगतात: हिटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला कधीही नको. त्यांचा हंगाम जानेवारी, आपला मे.

मे म्हटला की कुलर आलाच. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या तंतूंच्या ताट्या, आत पाण्याचा पंप. भाराच्या दृष्टीने तो गरीब प्राणी, दीडशे-दोनशे वॅटचा. त्याचा धोका वेगळा आहे आणि तो बोर्डाच्या तिसऱ्या भोकात दडलेला आहे. स्वस्त बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटला पिनांची भोकं तीन दिसतात, पण वायरीत तारा दोनच असतात; वरचं जाड भोक शोभेचं. तीन पिनेचा टॉप त्यात छान बसतो आणि कुलरचं अर्थिंग तिथेच संपतं. पंपाच्या वायरीचं आवरण पाण्यात कुजलं की सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकीत बादली रिकामी करणाऱ्या बाईच्या किंवा ताटीला हात लावणाऱ्या लेकराच्या अंगातून वीज जमिनीत जाते. किती वीज पुरते? नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. आरसीसीबी ३० लाच पडतो, कारण त्याच्या वर हृदयाची लय बिघडण्याची भीती सुरू होते. उजेड पाडायला लागते त्याहून कमी वीज माणसाला पुरे होते. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात आणि दर उन्हाळ्यात महावितरण तेच आवाहन पुन्हा काढतं: पाणी भरण्याआधी टॉप काढा, अर्थिंग तपासा.

बोर्डाचं तिसरं भोक खरं की खोटं, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. बोर्डाच्या वायरीच्या टोकाला दोन पिनेचा टॉप असेल, तर पुढे कितीही तिसरी भोकं असोत, ती खोटी आहेत. चांगल्या बोर्डावर आयएसआयची खूण आणि आयएस १२९३ हा आकडा असतो, वायर जाड आणि जड लागते, अँपिअर लिहिलेले असतात. ६ अँपिअर लिहिलं असेल तर १३८० वॅट, १० असेल तर २३००. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तिचे वॅट छापलेले असतात. नववीतली मुलगी ही बेरीज दोन मिनिटांत करून देईल, आणि बेरीज मर्यादेच्या पलीकडे गेली तर वडिलांना तेही सांगेल. बोर्डाला बोर्ड जोडला असेल तर दुसऱ्याची बेरीज पहिल्याच्या डोक्यावर पडते. गाद्यांखालून, गालिच्याखालून नेलेली वायर गुंडाळलेल्या वायरसारखीच घुसमटते.

खरा उपाय मात्र बोर्ड बदलण्यात नाही, पॉइंट वाढवण्यात आहे. रॉड, इंडक्शन, गिझर यांच्यासाठी मीटरजवळच्या पेटीपासून अडीच किंवा चार एमएमची वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, त्याला त्याचा एमसीबी, सगळ्या घराला मिळून एक आरसीसीबी आणि अंगणात नीट पुरलेलं अर्थिंग. खर्च येतो, पण कुलरपेक्षा फार जास्त नाही. अडचण पैशाची कमी आणि दिसण्याची जास्त आहे. कुलर पाहुण्याला दाखवता येतो, भिंतीतली अडीच एमएमची वायर दाखवता येत नाही.

कापूस वेचणीला आला की कोरपना तालुक्यात अनेक घरांचा पुढचा खण रिकामा केला जातो. खाट बाहेर जाते आणि घरात कापूस येतो, कधी छातीपर्यंत, कधी आढ्यापर्यंत. भाव वाढेल या आशेवर तो तिथेच महिना-दोन महिने राहतो. माणसं त्याच्या कडेकडेने वावरतात, अंगाला खाज सोसतात. भिंतीवरचा बोर्ड त्या ढिगात बुडून जातो. त्याची वायर कापसातून कुठेतरी जात असते आणि पलीकडे स्वयंपाकघरात इंडक्शन चालू असतं. कापसाला पेटायला ज्वाळा लागत नाही, एक ठिणगी आतल्या आत धुमसत राहिली तरी पुरते, आणि वरून पाहणाऱ्याला कितीतरी वेळ काही कळत नाही. कापूस घरात भरण्याआधी त्या खणाचं सॉकेट मुख्य पेटीतून तोडणारे शेतकरीही आहेत. तेवढ्याला स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटं लागतात.

मग एके दिवशी भाव पटतो, टेम्पो दारात उभा राहतो आणि संध्याकाळपर्यंत खण मोकळा होतो. झाडू मारताना भिंतीवरचा बोर्ड पुन्हा दिसू लागतो, भोकाभोकांत पांढरा तंतू भरलेला, आणि एका भोकाभोवती रुपयाएवढा तपकिरी डाग. तोपर्यंत मार्च लागलेला असतो आणि कुलर माळ्यावरून खाली काढायचा असतो.